बुधवारचे बाप

मला नेदरलँड्समध्ये पहिली नोकरी लागली आणि त्याच आठवड्यात देश बंद झाला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं सगळे म्हणतात, पण माझ्या नवऱ्याला अजून शंका आहे.

ही मार्च २०२०ची गोष्ट. त्याआधी सहा वर्षं मी ब्रेडामध्ये नुसती राहत होते. नवरा युट्रेख्टच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, रोज ट्रेनने जाणार-येणार, आणि मी त्याच्या व्हिसाला जोडलेली. काम करायची परवानगी मला पहिल्या दिवसापासून होती. ती पासपोर्टाबरोबर कपाटात ठेवलेली असायची. पुण्यात पाच वर्षं नोकरी केलेली बाई इथे डच येत नाही म्हणून घरी बसते आणि कोणी विचारलं की "सध्या डच शिकतेय" असं सांगते. माझं हे "सध्या" फारच लांबलं. शेवटी घरोघरी फर्निचर पोचवणाऱ्या एका कंपनीने मला घेतलं. कुठला कोच कुठल्या गाडीत चढवायचा आणि कुठल्या गावात किती वाजता उतरवायचा, हे ठरवायचं काम. मला ते फार आवडलं. सकाळी समोर गाड्यांचा आणि चिडलेल्या गिऱ्हाइकांचा गुंता असतो आणि संध्याकाळपर्यंत तो सुटलेला असतो. घरकामात हे सुख नाही.

पहिल्या दिवशी बॉसने मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये बोलावलं, लॅपटॉप गाडीच्या टपावर ठेवला, चार पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "घे आणि घरी जा." माझं स्वागत ते एवढंच. पण पुढे अख्ख्या देशाला घरी बसायला टेबलं-खुर्च्या लागल्या आणि आमच्या गाड्यांना उसंत राहिली नाही.

करार वर्षाचा होता. इथे बहुतेक तसंच असतं. आधी एक वर्ष, मग पटलं तर पुढे, नाहीतर हसतमुखाने निरोप. आणि जे काय असेल ते मुदत संपायच्या निदान महिनाभर आधी सांगायचं. माझा निकाल बॉस जानेवारीच्या अखेरीस सांगणार होता.

सासऱ्यांना नोकरीची बातमी सांगितली तेव्हा ते सांगलीहून व्हिडिओवर म्हणाले, "छान झालं की. पण आधी मूलबाळ होऊ दे. नोकरी कुठं पळून जातीय?"

मला असा राग आला की मी फोन नवऱ्याच्या हातात देऊन भांडी घासायला गेले. सहा वर्षं जी माझ्यापुढे पळत होती ती नोकरी म्हणे पळून जात नाही! वर पंधरवड्यात कळलं की मला दिवस गेलेत. सासरे तोंड भरून हसले आणि म्हणाले, "बघ, आता नोकरीचं राहू दे की." भांडी त्या वेळी घासलेलीच होती, तरी मी पुन्हा घासली.

सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ते उगाच खाष्ट वाटतील. ते पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. निम्मं आयुष्य धरणाच्या आणि कालव्याच्या कामांवर, घरापासून लांब. अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारने हार घालून घरी पाठवलं आणि तेव्हापासून आठ वर्षं ते घरात मोजमापं घेत होते. गॅलरीला उतार किती, शेजाऱ्याच्या नळाला धार किती. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांना अजून एखादं धरण द्या रे कुणीतरी."

आमच्या शेजारणीची तऱ्हा बरोबर उलटी. ती सासऱ्यांच्याच वयाची, ब्रेडात सिटी बस चालवायची. इथे निवृत्तीचं वय दर वर्षी थोडं थोडं पुढे सरकत होतं आणि ती त्याच्या मागे धावून मेटाकुटीला आली होती. कुंपणापलीकडून म्हणायची, "मी स्टॉपवर पोचले की बस सुटलेली असते, अगं, आणि मीच तर ड्रायव्हर!" मग सरकारने पेन्शनचा नवा करार केला, वय वाढवणं थोडं थांबवलं, आणि तिला वाटलं होतं त्याच्या काही महिने आधीच त्या शरद ऋतूत ती सुटली. कॅम्पर घेऊन पोर्तुगालला जाणार होती. सगळीकडच्या सीमा बंद. मग ती रोज आपल्या कॅम्परमध्ये बसून दारातच कॉफी प्यायची.

बाळंतपणाला सासू-सासरे येणार होते. माझी आई पुण्यात मुख्याध्यापिका, निवृत्तीला दोन वर्षं बाकी आणि अख्खी शाळा मोबाइलवर भरलेली, त्यामुळे तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पण विमानं बंद, व्हिसा बंद. ऑक्टोबरात मुलगी झाली तेव्हा घरात आम्ही दोघं, इथल्या पद्धतीप्रमाणे आठवडाभर रोज येणारी बाळंतिणीची नर्स, आणि भिंतीला टेकवलेल्या टॅबलेटमध्ये सासूबाई. त्या म्हणत, बाळाला कानटोपी घाला. नर्स म्हणे, काढा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघींना कळत होतं की समोरची बाई चुकतेय. त्या आठवड्यात नर्सने नवऱ्याला बाळाची अंघोळ शिकवली. मला टाके होते आणि वाकता येत नव्हतं, म्हणून तो शिकला, आणि मग ते कामच त्याच्याकडे गेलं. बादलीसारख्या टबात मानेखाली हात धरून असं काही अलगद बुडवायचा की मुलगी रडायचं विसरायची. हा माणूस चहाचा कप धुताना फोडतो.

माझी सुट्टी जानेवारीच्या सुरुवातीला संपत होती. पाळणाघरात जागा मिळाली होती. मी कामावर रुजू होणार, तीन-चार आठवडे जीव तोडून काम करणार आणि जानेवारी संपता संपता बॉसने म्हणावं, हिला ठेवा. सगळं गाडीत कोच बसवावा तसं बसवलं होतं. आणि डिसेंबरात पुन्हा लॉकडाऊन लागलं. दुकानं बंद, शाळा बंद, पाळणाघरंही बंद.

वर्षभराच्या करारातले जवळजवळ चार महिने मी बाळंतपणात घालवलेले. आता परत आल्या आल्या "मूल सांभाळायला कोणी नाही" म्हणून सांगितलं तर बॉस काही बोलणार नाही, डच माणूस समजून घेईल, मान हलवेल, आणि जानेवारीच्या शेवटी तितक्याच समजूतदारपणे निरोप देईल. मग पुन्हा "सध्या". मला ते "सध्या" परत नको होतं. नुसत्या विचाराने रडू यायचं.

उपाय घरातच होता. त्याच वर्षीच्या जुलैपासून इथे नवा नियम आला होता. मूल झाल्यावर बापाला पूर्वी एक आठवडा मिळायचा, आता त्यावर आणखी पाच आठवडे रजा, मूल सहा महिन्यांचं व्हायच्या आत घ्यायची. पगार थोडा कमी, पण रजा हक्काची. पहिला आठवडा नवऱ्याने घेतला होता. पुढच्या पाचांचा विषय काढला की त्याला एकदम महत्त्वाचा ईमेल आठवायचा.

"अरे, कायदा आहे," मी म्हटलं.

"कायदा आहे गं. पण आमच्या टीममधल्या एकाही इंडियन माणसाने घेतलेली नाही. सगळे म्हणतील, ह्याला काय बाळंतपण झालंय का?"

"झालंच आहे. तुला नसेल आठवत, पण तू तिथेच होतास."

"आणि ॲप्रेझलच्या तोंडावर?"

"आणि माझा करार? तो कशाच्या तोंडावर आहे?"

त्याने लॅपटॉप मिटला. त्याने लॅपटॉप मिटला की समजायचं, घोडं पाण्यापर्यंत आलंय. दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज केला. मॅनेजरने पाच मिनिटांत मंजूर केला आणि खाली एक हसरा चेहरा टाकला. दोन दिवस नवरा त्या चेहऱ्याचा अर्थ लावत होता.

तर जानेवारीत आमच्या घरात अशी व्यवस्था झाली. बैठकीतल्या टेबलावर, जिथे दहा महिने तो बसायचा, तिथे कानाला हेडसेट लावून मी. आणि तो खांद्यावर लंगोट टाकून, दोन दिवसांची दाढी वाढलेला, घरभर मुलीला घेऊन फिरतोय. मुलीला भूक लागली की मीटिंगमध्येच मागून हळूच आणून मांडीवर ठेवायचा, कॅमेरा बंद करायचा आणि पसार व्हायचा. एकदा कॅमेरा बंद करायला विसरला. त्या मीटिंगची आठवण आम्ही काढत नाही.

अंघोळ सकाळी दहाला. तेव्हा सांगलीत दुपारचे अडीच, सासऱ्यांचं जेवण झालेलं असायचं आणि ते नातीची अंघोळ बघायला रोज फोन लावायचे. सुट्टीच्या दिवशी बघायची सवय होती, आता रोज बघायला मिळत होती. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज घरी?"

"हो, आज जरा मोकळा आहे," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तो जरा मोकळा होता. तिसऱ्या दिवशीही. मी फोन संपल्यावर म्हटलं, "सांग की सरळ, रजा घेतलीय म्हणून."

"बाबांना काय सांगू? बाळंतपणाची रजा घेतलीय? ते मी जन्मलो तेव्हासुद्धा धरणावरून आले नव्हते."

सासरे मग विचारेनासे झाले. नुसते बघत बसायचे. चष्मा कपाळावर, तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ, एक शब्द नाही. मला वाटायचं, बायको खुर्चीत आणि मुलगा टबापाशी हे बघून ह्यांचं डोकं फिरत असणार. फिरू दे, म्हटलं. माझ्याकडे तीन आठवडे होते आणि वरून नवीनच भानगड आली होती. सरकारने रात्री नऊनंतर बाहेर पडायला बंदी केली. आमच्या संध्याकाळच्या फेऱ्या सगळ्या आधी ओढायच्या, पण दिवस काही मोठा होणार नव्हता. मी दोन दिवस नकाशा घेऊन बसले, गावं नव्याने लावली, ड्रायव्हरांशी मोडक्यातोडक्या डचमध्ये भांडले, आणि गाड्या वेळेत परत यायला लागल्या. आयुष्यात प्रथम मला डचमध्ये भांडण जिंकता आलं. त्या आनंदात सासऱ्यांकडे माझं लक्ष नव्हतं, आणि त्यांचा फोन यायचा थांबलाय हेही चार दिवसांनी लक्षात आलं.

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "फिरायला गेलेत."

"दुपारी अडीचला?"

"मग काय झालं? उन्हाचं चांगलं असतं." आणि त्यांनी विषय बदलून मला मेथीचे लाडू कसे टिकतात ते सांगितलं. त्यांच्यामागे दोरीवर सासऱ्यांचे कडक इस्त्रीचे शर्ट लटकत होते. गेली आठ वर्षं मी त्यांना बनियनवर पाहिलेलं.

मग बुधवारी, बॉसबरोबरच्या माझ्या मीटिंगच्या आदल्या दिवशी, सासऱ्यांचा फोन आला. माझ्या मोबाइलवर, नवऱ्याच्या नाही. मागे ट्रकचा आवाज, सिमेंटच्या गोण्या, आणि सासऱ्यांच्या खिशाला पेन.

"सूनबाई, तो जवळ आहे का?"

"नाही बाबा, बाळाला घेऊन बाहेर गेलाय."

"बरं. मग ऐक. मला सगळं कळलंय. त्याला सांगू नकोस की मला कळलंय. पोरगं मानी आहे, वाईट वाटेल त्याला."

"काय कळलंय बाबा?"

"नोकरी गेली ना त्याची?" त्यांनी आवाज खाली आणला. "पेपरात येतंय की रोज, कंपन्या लोकं काढायला लागल्यात. असू दे. माणसाच्या हातात नाही ते. मी इथं, ज्याची बिलं अडवायचो ना, त्याच कंत्राटदाराकडं लागलोय, मोजमापं तपासायला. अजून डोकं चालतं आहे माझं. तुम्हाला काही लागलं तर मागायचं, लाजायचं नाही. पण तू तुझी नोकरी सोडू नकोस. काही झालं तरी. घट्ट धरून ठेव."

मी तोंडावर हात धरला. हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि नेमकं काय आधी बाहेर पडेल ह्याचा नेम नव्हता. हा कंत्राटदार मला ऐकून माहीत होता. नोकरीत असताना सासऱ्यांनी त्याचं एकही बिल सरळ सोडलं नव्हतं. त्याच्याच दारात ते काम मागायला गेले होते, मुलासाठी. आणि ज्या माणसाने मला दोनदा भांडी घासायला लावली, तो मला सांगत होता, घट्ट धरून ठेव.

"बाबा, त्याची नोकरी गेलेली नाही. तो रजेवर आहे. इथे सरकार बापालाही मूल झाल्यावर रजा देतं. पाच आठवडे."

पलीकडे ट्रक रिव्हर्स घेत होता.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतीयस."

"शप्पत बाबा. पुढच्या आठवड्यात संपतेय."

"बापाला?"

"हो."

"बाळंतपणाची?"

"हो बाबा."

"पुरुषाला?" त्यांचं समाधान होईना.

शेवटी नवरा घरी आल्यावर मी त्याला फोनसमोर उभं केलं. अडतीस वर्षांचा माणूस, अंगाला दुधाचा वास, आणि बापासमोर मान खाली घालून कबूल करतोय, "होय बाबा. रजा घेतलीय. बाळासाठी." सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "आधी सांगायचं की रे. तुझ्या आईनं पोथी वाचायला घेतली होती." आणि फोन ठेवून दिला. सासूबाईंनी नंतर कळवलं की आता कामावर जायची गरज नाही हे सांगितल्यावर ते त्यांच्यावरच खेकसले. म्हणाले, लागलोय तर करतो की. खोटं मोजमाप लावलंय त्यांनी तिथं, ते कोण बघणार?

दुसऱ्या दिवशीची मीटिंग. बॉस चांगला माणूस, दोन मुलांचा बाप. शुक्रवारी तो फोन उचलत नाही, कारण शुक्रवारी त्याचा पापादाख असतो, म्हणजे बापाने घरी मुलांबरोबर राहायचा दिवस. इथल्या पुष्कळ बापांचा आठवड्यातून असा एक दिवस ठरलेला असतो. तो म्हणाला, संचारबंदीच्या आठवड्यात तू गाड्या ज्या लावल्यास त्याबद्दल मालकसुद्धा बोलले. आम्हाला तू हवी आहेस. करार वाढवू, पुढेही कायम करायचा विचार आहे.

माझा जीव भांड्यात पडला. तो जेमतेम पडतोय तोच बॉस म्हणाला, "तीन दिवस धरले आहेत तुझे. आठवड्याला तीन."

"तीन का?"

तो गोंधळला. "बाळ आहे ना. इथे बहुतेक आया तीनच दिवस करतात. माझी बायकोही. तुला बरं पडेल असं वाटलं."

त्याच्या मनात चांगलंच होतं. तेच तर कठीण होतं. सांगलीत बाप दिवसाढवळ्या घरी दिसला की त्याची नोकरी गेली असं समजतात, आणि ब्रेडात आई झाली की तिला तीन दिवस पुरतात असं समजतात. दोन्हीकडे माझ्या भल्याचंच चाललेलं. आणि मी "हो, थँक यू" म्हणणारच होते. अगदी ओठावर होतं. सहा वर्षांनंतर कायमच्या कामाची गोष्ट निघाली होती. त्यात दोन दिवसांवरून घासाघीस करायची माझी छाती नव्हती. पण कालचा ट्रकचा आवाज कानात होता. म्हातारा माणूस खिशाला पेन लावून सिमेंटच्या गोण्यांमध्ये उभा होता आणि म्हणत होता, घट्ट धरून ठेव.

"चार," मी म्हटलं. "चार दिवस. सोमवार आणि गुरुवार पाळणाघर, मंगळवारी शेजारीण बघणार आहे, शुक्रवारी मी घरी. आणि बुधवारी माझ्या नवऱ्याचा पापादाख असतो."

हे शेवटचं माझ्या नवऱ्यालाही नवीन होतं. तो लॅपटॉपच्या मागे जमिनीवर मुलीचे मोजे शोधत बसला होता. मी पाहिलं, एक मोजा हातात, आणि डोळे एवढे मोठे. मी त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या. त्याने मोज्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि मान हलवली. उभी हलवली, आडवी नाही. शेजारणीचं तरी ठरलेलं होतं. पोर्तुगाल उघडेपर्यंत मंगळवार माझा, असं ती कुंपणावरून स्वतःच म्हणाली होती, पाळणाघरं उघडली आणि भेटीगाठी सुरू झाल्या की येईन म्हणून.

बॉस हसला. "मग चारच," म्हणाला. "आधी सांगायचं ना."

नवऱ्याला मात्र आपल्या मॅनेजरशी बोलायला आठवडा लागला. आरशासमोर तयारी करायचा. पालकत्वाची आणखी एक बिनपगारी रजा असते, ती पसरून आठवड्याला एक दिवस घेता येते. हे सगळं त्याने पाठ केलं, कलमांसकट. मॅनेजरने एवढंच विचारलं, "कुठला वार?"

एप्रिलमध्ये तिकडे दुसरी लाट आली. त्या महिन्याबद्दल मी थट्टेने लिहू शकत नाही. रोज उठल्या उठल्या आधी सांगलीला फोन लावायचो. सासूबाईंनी स्कूटरची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली आणि सासऱ्यांना घरातून हलू दिलं नाही. ते फोनवरून मोजमापं तपासत राहिले. त्यांचं ओरडणं ऐकू आलं की आम्हाला बरं वाटायचं.

ते दोघं इथे आले ते २०२२च्या मे महिन्यात. मुलगी दीड वर्षाची झाली होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमधून, तेही बहुधा 'ने', म्हणजे नाही. विमानतळावर सासऱ्यांचं पहिलं वाक्य, "महिन्याची रजा टाकून आलोय. कंत्राटदार सोडत नव्हता." ते त्यांनी ब्रेडाला पोचेपर्यंत तीनदा सांगितलं. शेजारीण भेटायला आली तर तिलाही सांगितलं. तिला मी भाषांतर करून दिलं की हे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि सहासष्टाव्या वर्षी पुन्हा कामाला लागले. ती म्हणाली, "ह्यांना विचार, डोकं ठिकाणावर आहे का." मी भाषांतर केलं, "तुमची तब्येत छान आहे म्हणतात."

पहिल्याच बुधवारी ते नवऱ्याबरोबर आणि नातीबरोबर जवळच्या खेळाच्या मैदानात गेले. संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर नवरा कपाळाला हात लावून बसलेला.

"बाबांनी तिथे सगळ्यांना विचारलं," तो म्हणाला. "एकेकाला गाठून. 'यू लॉस्ट जॉब?'"

"मग काय!" सासरे म्हणाले. "सगळे बापच होते की तिथं, सूनबाई. कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. एक झोका देतोय, एक नाक पुसतोय, एकानं तर पोरीची वेणी घातलेली, चांगली घट्ट. एकाचीही नोकरी गेलेली नव्हती. एक पोलीस होता. एक डॉक्टर." मग म्हणाले, "हा जन्मला ते मला तारेनं कळलं. कालव्याचं काम चालू होतं. रजा मागितली तर साहेब म्हणाला, तुम्ही जाऊन काय करणार? मलाही वाटलं, बरोबर आहे, मी जाऊन काय करणार. मी बघितला तेव्हा हा पालथा पडून मान वर करत होता." सासऱ्यांनी चष्मा पुसला. "ती अंघोळ बघायचो ना मी फोनवर. राग म्हणून गप्प नव्हतो मी. पाणी किती गरम घेतो, मान कशी धरतो, ते बघत होतो. चांगली धरतो."

जायच्या आदल्या आठवड्यातला बुधवार. मला उशीर झाला होता, बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि मी रेनकोट चढवायला लागले तशी मुलीने पाय धरले. एरवी ती अशी करत नाही. आजी-आजोबा आल्यापासून घर भरलेलं, लाड चाललेले, आणि त्यात आई निघाली. "आई, ने, ने!" असा गळा काढला की मी दारातच थबकले. बॅग खाली ठेवली. आज घरूनच करावं का काम, असं मनात येऊन गेलं.

सासऱ्यांनी तिला उचललं. त्यांना अजून नीट उचलता येत नव्हतं, पिशवी धरावी तसं धरायचे. दुसऱ्या हाताने त्यांनी माझी बॅग उचलून माझ्या खांद्याला लावली.

"तू जा," मला म्हणाले. "वेळेत जा." आणि मुलीला खिडकीपाशी नेत, तिचं तोंड माझ्याकडे वळवत म्हणाले, "रडायचं नाही. आईला टाटा कर. ती कामाला निघालीय. बाबा आहे की घरी."

मी सायकल काढली.